रस्त्याच्या पडद्यावरचं दार

संपादकांनी मला नटांबद्दल लिहायला सांगितलं आहे. नाटक मंडळीत जन्म काढलेला माणूस सापडला की लोक नटांबद्दलच विचारतात. अमके बुवा गाण्याआधी खरंच लोटाभर दूध प्यायचे का, तमक्या पंतांना लुगडं नेसायला किती वेळ लागायचा. मी उत्तरं देतो, पण मनातून चिडतो. अहो, नट काय, येत होते नि जात होते. तुम्ही तिकीट काढून ज्याच्याकडे तोंड करून बसलात, जो सगळा वेळ तुमच्यासमोर होता, तो पडदा होता आणि तो मी रंगवला होता. तेव्हा संपादकांची माफी मागून मी पडद्याबद्दलच लिहिणार. नटही येतील मधूनमधून. त्यांना अगदीच वगळलं तर ते वरूनसुद्धा भांडायला खाली उतरतील.

मंडळीत मला पेंटर म्हणत. नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटायचं नाही असं मी लोकांना सांगत असे. आमच्याजवळ दरबार, बाग, जंगल, तुरुंग असे नेहमीचे पडदे होते आणि सगळ्यांच्या पुढे एक रस्ता. बाहेरच्या माणसाला या रस्त्याचं महत्त्व कळत नाही. एक प्रवेश जंगलात संपला आणि पुढचा दरबारात असला, तर मागे सिंहासन ओढून आणायला वेळ लागतो. तेवढ्यात प्रेक्षकांनी काय करायचं? म्हणून रस्त्याचा पडदा खाली सोडायचा आणि त्याच्यापुढे दोन माणसांची गाठ घालून द्यायची. मागे धडाधड आवाज चाललेत, कुणाच्या तरी पायावर सिंहासनाचा पाय पडलाय, तो ओठ चावून उभा आहे, आणि पुढे दोघंजण आरामात इकडच्या तिकडच्या गप्पा मारतायत. विनोदी नटांचं पोट या रस्त्यावर चालायचं.

दुसऱ्या कंपन्यांचे रस्ते मुंबईहून तयार होऊन यायचे. संगमरवरी खांब, कारंजं, विलायती धाटणीचे दिवे. आपल्या मुलखात कुठल्या गावी असा रस्ता आहे, ते मला आजवर कळलेलं नाही. मी आमच्या मालकांजवळ हट्ट धरला की जिथे मुक्काम मोठा, तिथलाच रस्ता पडद्यावर काढायचा. मालक हिशेबी माणूस, आधी नाही म्हणाले. पण पडद्यावर आपली पेठ दिसल्याबरोबर पिटातले, म्हणजे स्वस्त तिकिटाचे, लोक उभं राहून टाळ्या पिटतात, हे त्यांनी एकदा विंगेतून पाहिलं आणि तेव्हापासून माझ्या रंगांच्या खर्चाबद्दल तोंड उघडलं नाही.

म्हणून गावात उतरलो की बाकीची मंडळी बिऱ्हाड शोधायला जायची आणि मी वही काखेत मारून गाव बघायला जायचो. कापडी पुठ्ठ्याची जाड वही, दोन-चार पेन्सिली आणि रंगाची एक पत्र्याची डबी. एखाद्या ओट्यावर बसायचं आणि समोरचं काढायचं. वहीचा माझा नेम होता, की डोळ्याला दिसेल तेच त्यात उतरवायचं. खिडकी मोडकी असली तर मोडकी, ओट्यावर कुत्रं झोपलेलं असलं तर कुत्रं. शोभा आणायची ती पडद्यावर. पडद्याचे रंग म्हणजे पेवडी, गेरू, नीळ, काजळी यांची पूड गरम सरसाच्या पाण्यात कालवलेली. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. नवशिक्या इथेच फसतो. हे रंग पाण्याने धुऊनही निघतात. त्यामुळे पुढच्या गावी गेलो की मागचा रस्ता धुवायचा आणि त्याच मांजरपाटावर नवा काढायचा. भडोच धुऊन सुरत, सुरत धुऊन नंदुरबार. आमचे विनोदी नट बाबूराव म्हणायचे, "पेंटर, तुमचं सगळं काम पाण्यात गेलं बघा." खरंच गेलं. राहिल्या त्या वह्या. त्यातलं एक पान समोर ठेवून हे लिहितो आहे.

नंदुरबारला आम्ही गेलो तेव्हा पहिलं महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. सुरतेहून गाडीत बसलो, नवापूर गेलं, खांडबाऱ्याला बाबूरावांनी खिडकीतून हात काढून चिंचा विकत घेतल्या आणि नंदुरबार येईपर्यंत आमच्या गायकांना एकेक देत राहिले. गायक खात राहिले आणि मालक कपाळाला हात लावून बसले. कापसाचा हंगाम सरला होता, म्हणून कापसातली सरकी काढायच्या एका जिनातली रिकामी वखार आम्हाला थिएटरासाठी मिळाली. आत शिरलं की अजून सरकीचा वास यायचा.

गाव जुनं. लोक नंदराजाचं गाव म्हणतात. आता राजाचं काय ते मला माहीत नाही, पण तिथल्या जुन्या पेठेतली घरं राजालाही शोभली असती. खाली दगडी ओटे, वर सागवानी मजला रस्त्यावर झुकलेला, त्याला आधार द्यायला कोरीव घोडे, पोपट, हत्ती. गुजराती सुताराचा हात आणि खानदेशी धन्याचा आग्रह यांच्यातून तयार झालेलं ते काम. मी दोन गल्ल्या फिरलो आणि हजारीमल शेठच्या घरासमोर थांबलो. पुढे गेलोच नाही.

हजारीमल शेठ म्हणजे कापसाचे आणि धान्याचे व्यापारी. आजा राजस्थानातून आलेला. घरात ते मारवाडी बोलत आणि गावाशी गावाची अहिराणी. त्यांच्या घराचं दार मी काय सांगू. चौकटीवर कमळांची वेल, माथ्यावर समोरासमोर दोन हत्ती, फळ्यांवर पितळी फुल्या, आणि दाराच्या बरोबर वर एक पुढे आलेली खिडकी, बारीक पट्ट्यांच्या झडपांची, बंद. समोर एका कासाराचं दुकान होतं. त्याच्या ओट्यावर मी सकाळी बसलो तो उन्हं डोक्यावर येईपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच.

चित्र काढणाऱ्याभोवती गर्दी जमतेच. बाजाराला अक्कलकुव्याकडून उतरलेले गाडीवाले थांबायचे, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया थांबायच्या.

"काय करी ऱ्हायना भाऊ? सरकारनी मोजनी शे का?" एकाने विचारलं.

"नाटकाचा पडदा करतोय," मी म्हणालो.

हे ऐकल्यावर प्रत्येकालाच पडद्यावर यायचं होतं. "मन्हं दुकान बी घे ना भो," असं म्हणत कासार माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला. मी त्याच्या बांगड्यांची माळ एका कोपऱ्यात घेतली तेव्हा त्याने मला पाणी पाजलं.

आता एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. रस्त्याच्या पडद्याला उजव्या अंगाला एक खरी वाट असते. म्हणजे कापडाला उभी चीर पाडायची, भोवती दार रंगवायचं, आणि नटाने त्या चिरेतून आत-बाहेर करायचं. साहजिकच गावातलं सगळ्यांत देखणं दार आपण त्या चिरेभोवती काढतो. मीही तेच केलं. हजारीमल शेठचं दार, हत्तींसकट, वरच्या खिडकीसकट, उजव्या अंगाला. ज्याचं दार आहे तो खूश होईल, असंच माझ्या मनात. दुसरा काही विचार नाटकवाल्याच्या डोक्यात येतच नाही. आमच्या लेखी दार म्हणजे नटाने आत जायची फट.

पहिल्या दिवशी आमचं एक सामाजिक नाटक होतं. चांगल्या घरचा मुलगा वाईट संगतीने नायकिणीच्या नादी लागतो आणि घराची धूळधाण होते, हा विषय. शेठ पुढच्या खुर्च्यांवर होते. शेजारी शहाद्याहून आलेले त्यांचे होणारे व्याही. शेठच्या मुलीचं, केसरचं, त्यांच्या घरी जमत आलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुड्याची बोलणी पुरी व्हायची होती. पडदा खाली आला. सगळी वखार ओरडायला लागली. हा कासार, हा मारुतीचा पार, हे शेठचं घर. मी विंगेत उभा होतो, छाती भरून आली होती. शेठनी व्याह्यांना बोट करून आपलं दार दाखवलं तेही मी पाहिलं.

तेवढ्यात बाबूराव आले. ते नायकाला नादी लावणाऱ्या मित्राचं काम करायचे. झोकांड्या देत रस्त्यावर आले, नायकाचा हात धरला, दुसरा हात उजवीकडे लांब केला आणि पुस्तकात होतं तेच वाक्य म्हणाले, "हेच बरं का ते दार! आत जाताना माणूस शेठ असतो, बाहेर येताना भिकारी." आणि ठरल्याप्रमाणे चिरेच्या आतून नायकिणीचं हसू आलं.

आधी मागे एकजण हसला. मग पिट हसलं. मग असं हसलं की बाबूरावांनाही समजेना काय झालं, त्यांना वाटलं आज आपला आवाज लागलाय, म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. मी पडद्याच्या भोकातून बघतो तो पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या.

सकाळी मालक चहा घेत होते तेव्हा शेठचे मुनीम येऊन उभे राहिले. मालक आणि पेंटर, दोघांना बोलावलंय. मला वाटत होतं की ओट्यावर दोन-चार पहिलवान बसलेले असतील. तसं काही नव्हतं. शेठ एकटे बैठकीवर होते आणि रडून चुकलेल्या माणसासारखे दिसत होते. ते मला जास्त जड गेलं.

"तुमी मन्हा घरनी आबरू रस्तावर टांगी दिधी," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. रात्रीपासून गल्लीतली पोरं दारावरून जाताना बाबूरावांचं वाक्य म्हणत होती. आणि सकाळी व्याही म्हणाले होते, विचार करून कळवतो. याचा अर्थ काय होतो हे मुलगी असलेल्या कुठल्याही बापाला सांगावं लागत नाही.

मालक हात जोडून म्हणाले, "शेठजी, आमच्या मनात काही नव्हतं. आज दुपारच्या आत पडदा धुऊन टाकतो. कोरं कापड करतो."

तेव्हा आतल्या दाराच्या पडद्यामागून एक म्हातारा आवाज आला. "पुसू नको."

त्या शेठच्या आई. घरात आणि गावात सगळे त्यांना माजी म्हणत. परक्या पुरुषांपुढे त्या येत नसत.

"आज पुसशात तर गाव म्हनी, खरं व्हतं म्हनीसन पुसं," त्या म्हणाल्या. "जे दार पडदावर बिघडनं, ते पडदावरच नीट व्हई. काढेल शे ते काय शे, ते माले आगोदर देखाले द्या."

मी वही उघडून शेठजवळ दिली, त्यांनी पडद्याच्या कडेने आत सरकवली. पलीकडून एक बांगड्यांचा हात आला, तो केसरचा असावा, आणि वही आत गेली. शेठ खाली बघत होते, मालक माझ्याकडे बघत होते, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. चहा आला, आम्ही प्यालो. शेवटी शेठनी आत विचारलं, "माजी?" आतून उत्तर आलं ते मारवाडीत, मला कळलं नाही. वही परत आली तेव्हा त्या पानाच्या कोपऱ्यावर ओल्या अंगठ्याचा डाग होता. तो अजून आहे.

माजींनी विचारलं, देवाधर्माचा खेळ आहे का? होता. एका भक्ताचं नाटक होतं, त्यात देव भिक्षेकऱ्याच्या रूपात दारोदार फिरतो, सगळे हाकलून देतात, आणि एका घरी त्याला भिक्षा मिळते. माजी म्हणाल्या, आज तो करा. भिक्षा या दारातून घाला. आणि ती घालणारी बाई आमच्या घरची दिसली पाहिजे, नाटकातली नको. व्याह्यांना त्या उन्हाचं निघू देणार नव्हत्या. तेवढं त्यांनी स्वतःकडे घेतलं.

दुपारी वखारीत कुणी नव्हतं. मालकांनी नटांना बिऱ्हाडात अडकवून ठेवलं होतं. आमच्यात बायकांची कामं करणारे विष्णुपंत, त्यांना फक्त बोलावलं होतं. पडदा खाली सोडलेला. बाहेर धमणी थांबली, म्हणजे चहूबाजूंनी कापड लावलेली बैलगाडी, आणि तिच्यातून केसरचा हात धरून माजी उतरल्या. ठेंगण्या, किडकिडीत, डोक्यावरून ओढणी पार हनुवटीपर्यंत. त्या आल्या त्या सरळ रंगमंचाच्या पायऱ्या चढल्या आणि विष्णुपंतांपुढे उभ्या राहिल्या.

विष्णुपंत म्हणजे मोठ्या दिमाखाचे. राजकन्या, राण्या, पतिव्रता, सगळ्या त्यांनी केलेल्या. बाईने कसं उभं राहायचं हे त्यांना कुणी शिकवायचं म्हणजे काय. पण माजींनी त्यांना शिकवलं. चिरेतून बाहेर यायचंच नाही. उंबऱ्याच्या आत पाय. डाव्या हाताने ओढणी धरायची, उजव्या हाताने ताट पुढे करायचं, मान खाली, नजर मागणाऱ्याच्या पायांवर, तोंडाकडे बघायचं नाही. ताट घेईपर्यंत हात हलू द्यायचा नाही, म्हणजे घेणाऱ्याला घाई वाटत नाही. विष्णुपंतांनी केलं. माजी म्हणाल्या, पुन्हा. त्यांनी पुन्हा केलं. मग माजींनी केसरकडून एक जुनी तांबडी ओढणी घेतली, ट्रंकेतल्या घड्यांच्या रेघा तशाच होत्या, आणि विष्णुपंतांच्या हातात दिली.

"हाईच ओढनीखाले मान घालीसन मी या दारमा ऊनू," त्या म्हणाल्या. या घरात नवरी म्हणून आल्या तेव्हा अंगावर हीच ओढणी होती.

त्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि परत निघाल्या. मध्येच थांबल्या, मागे वळल्या. वखारीत त्यांच्याखेरीज केसर, मी, आणि वर चिरेत उभे विष्णुपंत. माजींनी दोन्ही हातांनी ओढणी वर केली आणि पडद्याकडे बघितलं. मी मान फिरवली, म्हातारी असली तरी परक्याने बघू नये म्हणून. मला फक्त आवाज ऐकू आला.

"हाई मन्हं घर शे?" त्या म्हणाल्या. "इतलं मोठं शे?"

केसर म्हणाली, "माजी, आपलंच ना."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्या बाईने आपलं घर रस्त्यावरून कधी पाहिलं नव्हतं. नवरी म्हणून आल्या तेव्हा मान खाली, पुढ्यात फक्त ओढणीचा काठ. त्यानंतर देवळात जायचं तर दारातच धमणी लागायची, चढतानाही कापड, उतरतानाही कापड. रस्त्यात उभं राहून मान वर करून बघायची त्या घरच्या बायकांना रीत नव्हती. माथ्यावरचे हत्ती त्यांना ठाऊक होते, कारण सणाला त्यांना हळदकुंकू लावायला गडी शिडीवर चढायचा आणि खाली आतून ताट द्यायच्या त्याच. पण हत्ती दिसतात कसे, हे त्यांना सकाळी माझ्या वहीत कळलं होतं. अख्खं घर आता कळत होतं. आणि ज्या दारावर काल सगळं गाव हसलं, ते हे.

माझे डोळे भरून आले. आता लिहिताना लाज कसली, आले खरे.

"पेंटर," माजींनी मला हाक मारली. पहिल्यांदाच त्या सरळ माझ्याशी बोलल्या. "मी कोठे बसस, तुले माहीत शे?"

मी नाही म्हणालो.

"त्या वरली खिडकीमा. तू समोर बसना व्हता, मी तुले झडपमाईन देखी ऱ्हायनू व्हतू. तुन्हं काम माले दिखे नही, तू मात्र दिखे." मग म्हणाल्या, "ती खिडकी थोडी उघडी कर."

मी विचारलं, "तुम्हाला काढू का तिथे, माजी? नुसती सावली. कुणाला ओळखू येणार नाही."

"नको. उघडी कर, बस. मी तठे शे, ते माले माहीत शे."

त्या गेल्यावर मी शेगडी पेटवून सरस गरम केला. रस्त्याच्या पडद्यात, ऐन खेळाच्या दिवशी, मी कधी हात घालत नाही, ओला रंग किटसनच्या दिव्याखाली डाग पाडतो. पण त्या दिवशी शिडी लावली आणि एक झडप उघडली. आत काजळीत थोडी नीळ घालून अंधार भरला, आणि खिडकीच्या काठावर एक हात ठेवण्याइतकी जागा उजळ ठेवली.

खेळाला वखार फुटेल अशी गर्दी. भक्तिभावाने कुणी आलेलं नव्हतं, आता काय होतं ते बघायला आले होते. बायकांच्या भागापुढच्या बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे माजी आणि घरच्या सगळ्या बायका होत्या. पुढे शेठ बसले होते आणि शेजारी शहाद्याचे व्याही. त्यांना माजींनी कसं थांबवलं कोण जाणे, पण ते चेहरा लाकडासारखा करून बसले होते.

भिक्षेकऱ्याचं काम मालकांनी मुद्दाम बाबूरावांना दिलं होतं. बाबूराव दुपारपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. रस्त्याचा पडदा खाली आला तशी मागे खसखस सुरू झाली. बाबूराव एकेका रंगवलेल्या दारापुढे झोळी पसरत आले, आतून हाकलण्याचे आवाज येत गेले. मग ते उजवीकडे वळले. कालच्याच दारापुढे, कालच्याच जागी उभे राहिले. पिटात कुणीतरी कालचं वाक्य म्हणायला सुरुवात केली.

आणि चिरेतून हात आला. नुसता हात, तांबड्या ओढणीचा काठ आणि ताट. पाय उंबऱ्याच्या आत. मान खाली. बाबूराव झोळी पुढे करायची विसरले, तसेच उभे राहिले, आणि तो हात हलला नाही. थांबून राहिला.

बायकांच्या भागातून एक आवाज आला, मोकळा, कुणी अडवला नाही, "अव माय, माजी शे ती!" बाजाराच्या दिवशी मोळी उतरवून त्या दाराशी भाकर घेणाऱ्या बाया होत्या त्यांच्यात, दुष्काळात त्या दाराचं धान्य खाल्लेल्या होत्या. त्यांनी त्या घरचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण हा हात त्यांच्या ओळखीचा होता. मागची खसखस बंद झाली. पिटातला एक म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने पडद्याला नमस्कार केला. मग त्याच्या शेजारचाही उठला. बाबूरावांनी झोळी पुढे केली आणि त्यांना जे वाक्य म्हणायचं होतं ते त्यांच्याने म्हणवलं नाही. नाटकवाल्याच्या आयुष्यात याहून मोठी शाबासकी नाही, पण ती विष्णुपंतांचीही नव्हती आणि माझीही नव्हती.

व्याही शेठच्या कानाशी वाकले. काय बोलले ते मला नंतर मुनीमांनी सांगितलं. ते म्हणाले होते, सकाळी जेवूनच जाऊ, आणि माजींच्या हातचं. साखरपुडा त्या सकाळीच झाला. आम्हाला लाडू आले. बाबूरावांच्या वाट्याचे जरा जास्त होते, कुणी पाठवले ते विचारू नका.

भुसावळला गेल्यावर मी पाण्याची बादली घेऊन रस्ता धुवायला बसलो तर मालक म्हणाले, "राहू दे हा." माझ्या हट्टावर माझ्याहून मोठा हट्ट त्यांनी केला. तेव्हापासून आमच्या मंडळीचा रस्ता तोच राहिला. कुठल्या गावी लोक विचारायचे, हे कुठलं हो शहर? मी सांगायचो. वरची खिडकी उघडी का, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. पुढे बोलपट आले, वखारींतून खुर्च्या आणि पांढरी चादर लागली, आमची मंडळी बुडाली. पडदे कापडाच्या भावात विकले गेले. तो रस्ता कुणी नेला, गाठोडी बांधायला की पावसात गाडीवर टाकायला, मला कळलं नाही. चौकशी करायचं धाडस झालं नाही.

मध्यंतरी पुतणीच्या लग्नाहून परत येताना मी नंदुरबारला उतरलो. वही बरोबर होती, मला सवयच आहे. शेठ आता म्हातारे झालेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी मला ओळखलं, हाताला धरून आत नेलं, माजी गेल्याचं सांगितलं, केसरच्या मुलांची नावं सांगितली, आणि मग जेवण झाल्यावर बाहेर घेऊन आले. रस्ता ओलांडून समोरच्या कासाराच्या ओट्याशी आले. कासार राहिला नव्हता, दुकान बंद होतं.

"आईनी सांगेल व्हतं," शेठ म्हणाले. "माले दारमाईन काढं का एकदम नेवानं नही. तो पेंटर जठे बसना व्हता, तठे माले थोडा येळ ठेवा. तोंड घरकडे करा. आनि तोंडवर ओढनी नको."

मी विचारलं, "ठेवलंत?"

"ठेवं," ते म्हणाले. "गल्ली भरेल व्हती. कोनी काही बोलनं नही."

मग आम्ही दोघं त्या ओट्यावर बसलो. ऊन घराच्या तोंडावर आलं होतं आणि माथ्यावरचे हत्ती स्पष्ट दिसत होते. मी वही उघडली नाही. वरच्या खिडकीची झडप उघडी होती.